घर वाकडला, ऑफिस फेज तीनला : आठ किलोमीटरला सव्वा तास का लागतो?

नदीकाठचा
मंडळी, जरा लांबण लागणार आहे, बरेच दिवस मनात साचलंय.

२०१६ ला कोथरूड सोडून वाकडला घर घेतलं ते एकाच कारणासाठी, पुण्याचं आयटी पार्क हिंजवडी जवळ. नकाशावर आठ किलोमीटर. परवा सकाळी ८:३५ ला सोसायटीच्या गेटातून गाडी काढली आणि ९:५० ला ऑफिसच्या पार्किंगला लावली. भूमकर चौकाच्या अलीकडे इतका वेळ एका जागी उभा होतो की पुढच्या गाड्या मोजून झाल्या. अकरा चारचाक्या, त्यातल्या नऊमधे एकटा माणूस. मीपण एकटाच. डाव्या हाताला बस उभी होती, दारात लोक लोंबकळत होते, आणि ती आमच्याच मागे अडकलेली. म्हणजे साठ-सत्तर माणसं आमच्या दहा-बारा जणांसाठी थांबली होती. ते डोक्यातून जातच नाहीये.

दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी होतं. अंडरपास, रुंदीकरण, वन-वे, आता मेट्रोचे खांब. चार महिने बरं वाटतं आणि मग परत तेच. मला आता असं वाटायला लागलंय की कोंडी रस्त्यावर दिसते पण ती तयार होते दुसरीकडेच. घर कुठे परवडतं, शाळा कुठे मिळते, ऑफिसं कुठे बांधायला परवानगी दिली, आणि हे सगळं ठरवताना कोण कोणाशी बोललं यात. तुम्हाला काय वाटतं? हिंजवडीपुरतंच नको, तुमच्या गावचं पण सांगा.

चहाबाज
रस्ता कमीच आहे हो, एवढा विचार कशाला. तीन लेन येऊन दोन लेनमधे शिरतात तिथे बाटलीचं बूच बसणारच. रस्ते मोठे करा, चौकात पोलीस उभे करा, उलट्या दिशेने येणाऱ्यांना दंड लावा, निम्मं काम तिथेच होतं.

नकाशावेडा
चहाबाज, शिस्तीचं मान्य. पण हिंजवडी नक्की कोणाची हे एकदा बघा म्हणजे धागाकर्त्याला काय म्हणायचंय ते कळेल.

आयटी पार्कची जमीन एमआयडीसीची. आजूबाजूला हिंजवडी, माण, मारुंजी, ही गावं ग्रामपंचायतीची. अलीकडे वाकड आलं की पिंपरी-चिंचवड मनपा. मधून जातो तो मुंबई-बंगळूर हायवे, तो केंद्राचा. या सगळ्या परिसराचं नियोजन बघणारी पीएमआरडीए आली २०१५ मधे, तोपर्यंत पार्क सुरू होऊन दीड दशक झालं होतं. म्हणजे आधी काही लाख लोकांची नोकरी एका कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि या सगळ्यांचं मिळून एक टेबल कुठे असावं हा विचार नंतर.

त्यात एमआयडीसीला सवय कारखान्यांची. कारखान्यात एका एकरावर माणसं किती असतात? शिफ्टला ठरावीक, आणि बऱ्याच ठिकाणी कंपनीची बस. आयटीत तेवढ्याच जागेत दहा मजले, आणि सगळे एकाच दोन तासांत येणार. प्लॉट पाडायची पद्धत तीच राहिली, त्यावर बसणारी माणसं बदलली. ग्रामपंचायतीने तरी काय करावं, गावाच्या कारभाराला एवढा पसारा कसा झेपेल.

शहरातही हेच. शहराभोवतीचा वर्तुळाकार जलद वाहतूक मार्ग, एचसीएमटीआर, १९८७ च्या आराखड्यात आहे, आजही तो कागदावरच आहे. आणि विद्यापीठ चौकातले पूल बांधले ते जेमतेम दीड दशकात, २०२० ला पाडावे लागले कारण मेट्रोचे खांब तिथे बसत नव्हते. पूल बांधणाऱ्याचं गणित वाहनांचं होतं, मेट्रोवाल्याचं माणसांचं, आणि दोघांनी एकमेकांचा कागद वेळेवर बघितला नाही.

जुना सायकलवाला
मी ७४ वर्षांचा आहे, मंडईच्या मागे जन्म. पुणं सायकलींचं शहर होतं असं सगळे म्हणतात, पण का होतं ते कोणी सांगत नाही. शहर लहान होतं म्हणून. शनिवारातून कँपात वीस-पंचवीस मिनिटांत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मी तेव्हा शाळेत, ओंकारेश्वराच्या बाजूचे वाडे बसलेले आम्ही डोळ्यांनी बघितलेत. त्यानंतर पूरग्रस्तांना गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशी घरं मिळाली आणि पेठेतली माणसं टेकडीपर्यंत पसरली. मग पिंपरीकडे कारखाने वाढले. अंतर वाढलं पण बस त्या मानाने वाढली नाही.

१९७२ ला लुना आली आणि त्याच वर्षी चेतक. चेतकला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक. माझ्या मेव्हण्याची स्कूटर आली तेव्हा त्याच्या मोठ्या मुलाला मिसरूड फुटलं होतं :) तीच स्कूटर आकुर्डीला, आपल्याच अंगणात तयार व्हायची. बस वेळेवर आली असती तर एवढी रांग लागली नसती हे माझं ठाम मत आहे. सायकल आम्ही हौसेने सोडली नाही. रस्ता रुंद झाला, वेग वाढला, मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा घरच्यांनी चालवू दिली नाही.

मीनल_प
काका, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या बाबतीत पण खरंय, फक्त दुचाकीच्या बाजूने.

माझी सकाळ सांगते. ७:४० ला मुलाला शाळेत, तिथून धाकटीला पाळणाघरात, मग ऑफिस. परत येताना सासूबाईंची औषधं, भाजी, धाकटी, मोठ्याचा क्लास. दिवसाला सात थांबे. यातल्या प्रत्येक टप्प्याला बस बदलायची तर वीस मिनिटं धरून चाला, दोन-अडीच तास नुसती वाट बघण्यात गेले. म्हणून स्कूटर. लोक म्हणतात पुणेकरांना दुचाकीची हौस, अहो हौस कसली, मला दुसरं काही परवडत नाही, वेळेने.

आणि सगळे आराखडे घर ते ऑफिस एवढीच सरळ रेघ धरून बोलतात. बायकांचा प्रवास रेघ नसतो, तो रांगोळीसारखा असतो, ठिपक्या ठिपक्यांनी. पाळणाघर बसथांब्यापाशी असलं, शाळा चालत असली, तर माझे सातातले चार टप्पे पायी होतात आणि उरलेल्याला मी आनंदाने बसने जाईन. म्हणजे बसचा प्रश्न निम्मा पाळणाघराच्या जागेचा आहे.

ऊनसावली
+१०० मीनल. रांगोळीचं एकदम पटलं.

वाचनमात्र
वाचतोय. नकाशावेडा, अजून लिहा.

गिरणगावकर
मुंबईचं एक सांगतो, धाग्याशी जवळचं आहे.

माझे वडील लोअर परळच्या गिरणीत होते, आम्ही चाळीत. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की दहा मिनिटांत खात्यात. लोकलचा पास त्यांनी आयुष्यात काढला नाही. गिरणगावाची सगळी रचनाच अशी, घर, गिरणी, मंडळ, व्यायामशाळा, खानावळ, सगळं चालण्याच्या अंतरात. एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही स्टेशनं त्या वस्तीच्या मापाची होती.

१९८२ चा संप झाला, गिरण्या पडत गेल्या आणि त्या जमिनींवर काचेचे टॉवर आले. आता तिथे काम करणारा माणूस राहतो विरारला, डोंबिवलीला, बदलापूरला. आणि जो तिथे राहायचा त्याला तिथे काम उरलं नाही, तो पण बाहेर गेला. जमीन तेवढीच, पण रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचा पूर तयार झाला, आणि स्टेशनचा जिना तोच. २९ सप्टेंबर २०१७ ला त्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पाऊस होता म्हणून, अफवा पसरली म्हणून, सगळं खरं असेल. पण जमिनीचा वापर बदलायची परवानगी देताना जिना किती रुंद आहे हे बघणारं कोणी त्या टेबलावर नव्हतं, मला तरी खरं कारण हे वाटतं. त्या दिवशी माझी बहीण दादरला उतरली होती, नेहमी एल्फिन्स्टनला उतरायची. अजून त्या जिन्यापाशी गेलो की माझे पाय जड होतात.

ऊनसावली
गिरणगावकर, काय बोलू. त्या दिवसाचे फोटो अजून आठवतात.

चहाबाज
दादा, वाचून गलबललं. तुमचा मुद्दा समजला.

पण मग उपाय काय? बसला वेगळी लेन देऊन बघितलीच ना पुण्यात. बीआरटी. काय झालं? मी सातारा रोडला राहायचो तेव्हा, रस्त्याच्या मधोमध थांबा, तिथे जायला जीव मुठीत धरून दोन लेन ओलांडायच्या. म्हातारी माणसं तर जायचीच नाहीत. मेट्रो हाच खरा मार्ग, वरून जाते, कोणाच्या मधे येत नाही.

नकाशावेडा
बीआरटीबद्दल थोडं बोलतो, कारण ते नाव काढलं की चर्चा तिथेच संपते.

कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्ग डिसेंबर २००६ ला सुरू झाला, देशातला पहिला. घाईत झाला. लेन सलग नव्हती, चौक आला की, पूल आला की गायब. थांब्यापर्यंत पोचायची सोय नीट नव्हती, हे चहाबाज म्हणतात ते खरंय. अहमदाबादची २००९ ला आली, तिथे थांबा आणि बसची पायरी एका उंचीवर, लेन कठड्याने बंद, तिकीट थांब्यावरच. त्यांनी पुण्याकडून काय करायचं नाही ते शिकून घेतलं. दिल्लीची २००८ ला सुरू झाली आणि २०१६ ला उखडली. म्हणजे तीन शहरं, एकच नाव, आणि तीन वेगळे शेवट. लेन रंगवणं सोपं असतं. त्या लेनमधे गाडी घालणाऱ्याला रोज अडवायचं आणि त्याच्या ओळखीच्या माणसाचा फोन आला तरी अडवायचं, हे अवघड.

मेट्रो हवीच, वाद नाही. ६ मार्च २०२२ ला वनाज-गरवारे सुरू झाली तेव्हा मी घरच्यांना घेऊन गेलो होतो, सप्टेंबर २०२४ पासून तर जमिनीखालून स्वारगेटपर्यंत जाते. पण स्टेशनपासून घर दीड किलोमीटर असेल आणि तो दीड किलोमीटर चालण्यासारखा नसेल तर माणूस गाडी काढतो, आणि एकदा गाडी काढली की ऑफिसपर्यंतच नेतो. मेट्रोची शेवटची वीट फुटपाथची असते.

खारघरकर
आमच्याकडे उलटा प्रयोग झालाय तो पण बघा. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी मांडलं की मुंबई उत्तर-दक्षिण लांबत चाललीये, सकाळी सगळे दक्षिणेला आणि संध्याकाळी सगळे उत्तरेला, ही दिशाच मोडायची असेल तर खाडीपलीकडे पूर्वेला शहर वसवा. ती नवी मुंबई वसवायला १९७० ला सिडको आली. सरकारची कार्यालयं खाडीपलीकडे न्यावी हा त्या कल्पनेचा कणा होता. तेच झालं नाही. मंत्रालय राहिलं तिथेच आणि शेजारी नरिमन पॉइंटला भराव टाकून नवी ऑफिसं उभी राहिली. वाशीपर्यंत रेल्वे यायला १९९२ उजाडलं. तोवर इथे घर घेतलेल्यांनी बस बदलत बदलत दिवस काढले, माझे सासरे त्यातलेच, घाऊक बाजार वाशीला आला म्हणून आलेले.

पण एक चांगलं झालं. रेल्वेच्या खर्चाचा मोठा वाटा सिडकोने उचलला, स्टेशनांच्या डोक्यावर, आजूबाजूला ऑफिसं, दुकानं काढली. जमिनीची किंमत रेल्वेमुळे वाढते ना, मग त्यातले पैसे रेल्वेला. हिंजवडीच्या आजूबाजूला जमिनीच्या किमती किती पट झाल्या ते तुम्हीच सांगा, त्यातले बसला किती गेले?

हडपसरवासी
मगरपट्ट्याचं नाव अजून कोणी काढलं नाही? सुमारे ४०० एकर उसाची जमीन, शंभरावर शेतकरी कुटुंबं एकत्र आली, जमीन बिल्डरला न विकता स्वतःच कंपनी काढली आणि आत घरं, शाळा, दवाखाना, आयटीची ऑफिसं सगळं केलं. मी आत राहते आणि आतच काम करते, चालत अकरा मिनिटं. गेटबाहेर मुंढव्याच्या चौकात मरणाची गर्दी असते ते मान्य, पण निदान आमच्यासारख्यांची भर त्यात पडत नाही.

मीनल_प
अकरा मिनिटं! हेवा वाटला गं. पण नोकरी बदलली तर? आणि नवऱ्याची खराडीला असली तर? एका घरात दोन नोकऱ्या, दोन टोकांना, हे आता सर्रास आहे.

हडपसरवासी
नवऱ्याची खराडीलाच आहे :) तो रोज पन्नास मिनिटं घालवतो. तुझा मुद्दा बरोबर आहे.

वारणाकाठ
शहरवाल्यांनो, जरा आमच्याकडे पण बघा. तुमच्याकडे गाड्या जास्त म्हणून अडकता, आमच्याकडे गाडीच नाही म्हणून.

आमच्या गावाला एसटीची मुक्कामी गाडी यायची. रात्री साडेआठला, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीत झोपायचे, गावातलंच कोणीतरी भाकरी द्यायचं. सकाळी सहाला ती तालुक्याला निघायची. दूधवाले, कॉलेजची पोरं, दवाखान्यात जाणारे, कोर्टात तारीख असलेले, सगळे त्यात. त्या एका गाडीमुळे आमच्या गल्लीतल्या सात मुली बारावीच्या पुढे शिकल्या, माझी बायको त्यातली एक. मग ती गाडी बंद झाली. लगेच वडाप सुरू झाली, जीपमधे पंधरा माणसं, मागे लटकून चार. पोरांना चालतं. मुलींच्या घरच्यांना चालत नाही. दोन वर्षांत कॉलेजला जाणाऱ्या मुली निम्म्या झाल्या आणि कागदावर कुठेच असं लिहिलं गेलं नाही की बस बंद झाली म्हणून शिक्षण सुटलं. घरची अडचण, असं लिहितात.

म्हणून सरकारच्या मानव विकास योजनेतल्या निळ्या बस ज्या तालुक्यांत मुलींसाठी आल्या तिथे किती फरक पडला असेल याची मला कल्पना करता येते. आणि मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा माझी आई आठ वर्षांनी तिच्या माहेरी गेली, एकटी. चाळीस किलोमीटर आहे फक्त.

ऊनसावली
वारणाकाठ, डोळ्यात पाणी आलं. आईंना नमस्कार सांगा.

जुना सायकलवाला
आमची एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली. वडील सांगायचे, गाडी बघायला लोक हार घेऊन उभे होते. आज बसला हार घालावा असं कोणाला वाटत नाही याचं वाईट वाटतं.

टेमासेकवासी
सिंगापूरहून. इथे गाडी घ्यायची तर आधी परवाना लिलावात घ्यावा लागतो, १९९० पासून, आणि शहराच्या मध्यात शिरायचे पैसे १९७५ पासून. हे सांगितलं की आपल्याकडचे लोक म्हणतात आपल्याकडेही गाड्यांवर कर लावा. पण ते एकटं नाही चालत. इथे सरकारी घरांच्या वसाहतीतच बसचा तळ, दवाखाना, बाजार, शाळा आधी आखलेली असते आणि माझ्या आठ वर्षांत पावसात न भिजता स्टेशनला जाता आलं नाही असा दिवस आठवत नाही, छताखालून फुटपाथ. आधी पर्याय, मग पैसे. उलट केलं तर गरिबाच्या स्कूटरवरच बोजा पडेल.

चहाबाज
छताखालून फुटपाथ! आमच्याकडे फुटपाथवर वडापावची गाडी, आणि खरं सांगू का, ती मला हवीच आहे. डांगे चौकापाशी एक काका मिरची तळून देतात, त्यांच्यासाठी मी एक स्टॉप आधी उतरायचो.

खारघरकर
अवांतर: त्या काकांना पण आराखड्यात जागा हवी. स्टॉपपाशी गाड्या असल्या की रात्री साडेदहाला तिथे उजेड असतो, माणसं असतात. माझी मुलगी अशाच स्टॉपवर उतरते, अंधाऱ्या स्टॉपवर नाही.

मीनल_प
हे अवांतर नाही, हेच मुख्य आहे.

नकाशावेडा
आपण जे जे बोललो ते सगळं वेगवेगळ्या फायलींत असतं बघा. पाळणाघर एका खात्यात, फेरीवाले दुसऱ्या, बस तिसऱ्या, जमीन चौथ्या. प्रवास मात्र माणूस सलग करतो. पूर्वी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा वेगळ्या होत्या, २००७ ला एकत्र करून पीएमपीएमएल केली म्हणून आज निगडीहून कात्रजला एका पासवर जाता येतं. हे जमलं होतं. म्हणजे जमतं.

चहाबाज, तुमच्या पहिल्या प्रतिसादावर परत येतो. रस्ता रुंद करून चार महिने बरं का वाटतं? कारण जे लोक कोंडीमुळे सातला निघत होते, किंवा बसने जात होते, किंवा लांबचं घर टाळत होते, ते सगळे त्या रिकाम्या जागेत परत येतात. वाईट माणसं नाहीत ती, प्रत्येकाने आपल्यापुरता बरोबरच निर्णय घेतलाय. नदीकाठचा यांनी २०१६ ला वाकडला घर घेतलं तेही बरोबरच होतं. तसाच बरोबर निर्णय पन्नास हजार घरांनी घेतला.

चहाबाज
हे असं कोणी सांगितलं नव्हतं. पोलीस आणि दंडाचं माझं म्हणणं मी सोडत नाहीये, पण रुंदीकरणाबद्दल विचार करतो.

नदीकाठचा
सगळ्यांचे आभार. गिरणगावकर आणि वारणाकाठ यांचे प्रतिसाद घरी वाचून दाखवले.

दोन गोष्टी केल्या. एक, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की फेज एक, दोन, तीनला किती जण जातात आणि किती वाजता. एका रात्रीत चौसष्ट जणांनी भरलं. त्यातले एकोणचाळीस मंगळवार, बुधवार, गुरुवार हेच तीन दिवस ऑफिसला जातात, कारण कंपन्यांनी तेच दिवस दिलेत. नुसते दिवस वाटून घेतले तरी फरक पडेल. एचआरला मेल टाकलाय, शेजारच्या दोन कंपन्यांतल्या ओळखीच्यांनाही टाकायला सांगितलंय.

दोन, सोमवारी गाडी घरी ठेवून बसने गेलो. एक तास पाच मिनिटं. म्हणजे दहा मिनिटं कमीच. पण उतरल्यावर आमच्या गेटपर्यंत सव्वा किलोमीटर आहे आणि तिथे मी डंपरच्या शेजारून चाललो, बायकोला सांगितलं नाही. विप्रो सर्कलपासून आत जायला चालण्यासारखी दुसरी वाट आहे का? रोज जाणाऱ्या कोणाला माहीत असेल तर सांगा, मी आठवड्यातले दोन दिवस तरी बसनेच जायचं ठरवतोय.

आठदहाची
पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. सर्कलला उतरू नका, एक स्टॉप पुढे जा, तिथून मागच्या बाजूने कंपाउंडच्या कडेने पायवाट आहे, झाडं आहेत, डंपर जात नाहीत. पावसाळ्यात चिखल असतो, ऑफिसमधे चपलांचा एक जोड ठेवा. आम्ही पाच-सहा जणी रोज तिथूनच जातो.

नदीकाठचा
ताई, खूप आभार. उद्या बघतो.

चहाबाज
उद्या मी पण येतो. डांगे चौकात ८:१० ला चढेन, दारापाशीच असेन. मिरच्या आणतो.